गॅस्केटच्या चुली

गॅस्केट कसं बनतं हे मला लग्नानंतर कळलं. ते उडतं कसं, हे मात्र लहानपणापासून माहीत होतं. माझं माहेर दुसरबीडजवळचं एक गाव. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सचं डिझेल इंजिन होतं. ऐन पाण्याच्या पाळीला ते फस्स करायचं, धुराड्यातून धुराऐवजी वाफ यायची आणि माझा भाऊ कपाळाला हात लावून म्हणायचा, "घ्या! उडालं गॅसकेट." मग घरातलं कुणीतरी एस.टी. धरून नवं आणायला जायचं, आणि बाकीचे विहिरीच्या काठावर बसून इंजिनाच्या कंपनीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे.

पुढे माझं लग्न मलकापूरला ठरलं आणि मध्यस्थांनी सांगितलं की मुलाच्या घरी गॅस्केटचा कारखाना आहे. कारखाना! नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. स्टेशनामागच्या गल्लीत रस्त्याकडची एक खोली आणि तिच्यापुढे पत्र्याचं छप्पर, एवढाच तो कारखाना. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तो चालवत. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांच्या बरोबरीनं राबत. नवरा एस.टी.त वाहक होता, त्यामुळे दिवसभर तो लोकांना तिकिटं देत फिरत असे. सून म्हणून घरात आलेली मी आठवडाभरातच कामगार झाले. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

इंजिनाचं धड वेगळं असतं आणि वरचं मुंडकं वेगळं. दोन्ही बोल्टांनी आवळून बसवतात आणि त्यांच्या मध्ये गॅस्केट घालतात. आत डिझेलचा भडका, त्याच्या बाजूनं थंड करणारं पाणी. या दोघांनी एकमेकांच्या घरात शिरू नये म्हणून मध्ये घातलेली ती तांब्याची भिंत. वर तांब्याचा पत्रा, खाली तांब्याचा पत्रा आणि पोटात पांढुरका, जाडसर, लोकरीसारखा सुटणारा एक पुठ्ठा. आम्ही त्याला पुठ्ठाच म्हणायचो. तो आगीत जळत नसे, याचं मला सुरुवातीला फार कौतुक वाटलं होतं.

तांब्याचा पत्रा आधी भट्टीत लालबुंद करायचा आणि तसाच पाण्यात टाकायचा. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, तांबं नरम पडतं. मग पुठ्ठ्यावर लोखंडी फर्मा ठेवून मामाजी आकार काढत, हातप्रेसवर मधलं मोठं गोल भोक पाडत आणि बोल्टांची भोकं पंचानं ठोकत. खालच्या तांब्याला त्या गोल भोकाशी थोडी जादा किनार ठेवलेली असे. ती वर वळवून, पुठ्ठ्याची कड झाकून, वरच्या तांब्यावर मुडपून बसवायची. हे काम आत्याबाईंचं. करंजीला मुरड घालतात तसं, पण लाकडी हातोडीनं, हळूहळू, गोल फिरवत. एका जागी जरी सुरकुती राहिली तर आतला भडका नेमका तिथूनच वाट काढतो. आत्याबाई प्रत्येक गॅस्केटच्या किनारीवरून अंगठ्याचं नख फिरवायच्या, मग ते आरशाच्या काचेवर ठेवून कडेखालून उजेड दिसतो का ते बघायच्या. दिसला की बाजूला. त्यांच्या हातचं गॅस्केट नांदुऱ्यापासून मोताळ्यापर्यंत मिस्त्री नाव घेऊन मागायचे. नाव म्हणजे त्यांचं नाही, मामाजींचं. हातोडी बाईची आणि नाव बाप्याचं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

ते दिवस बीटी कपाशीचे होते. बीटी नुकतीच आली होती आणि जो तो तिच्या नादी लागला होता. बोंडअळी मेली म्हणून लोक आनंदात. ती मेली नव्हती, माहेरी गेली होती, हे पुढे कळायचं होतं. पण बीटीला पाणी लागायचं. ज्या कपाशीला आमच्या बापजाद्यांनी आभाळावर सोडलं होतं, तिला आता बोंडं धरायच्या दिवसांत विहिरीचं पाणी द्यायला लोक धावू लागले. विजेचा पत्ता नसायचा, म्हणून जुनी डिझेल इंजिनं कोठ्यातून बाहेर निघाली. आणि विहिरीत पाणी कुठं होतं? पंप तळाशी पोचला की हवा ओढायचा. इंजिनाला थंड करणारं पाणीही त्याच पंपातून यायचं, ते बंद व्हायचं, मुंडकं तापायचं आणि गॅस्केट उडायचं. म्हणजे माझ्या माहेरची विहीर आटली की माझ्या सासरी दिवाळी. वर्ष जितकं वाईट तितका आमचा धंदा बरा. भाऊ यायचा, पिशवीत जळकं गॅस्केट घेऊन, आणि मामाजी त्याला नवं देताना थट्टा करायचे, "पाहुणे, तुमी असेच पानी देत राहा बीटीले, आमचं बरं चालते." भाऊ हसायचा. मला ते हसू बघवायचं नाही.

कोरड्या सालाचा दुसराही एक प्रताप होता. पुठ्ठा कापायच्या आधी त्यावर पाणी शिंपडायची पद्धत होती, म्हणजे कड पिंजारत नाही आणि धूळ उडत नाही. पण मलकापुरात नळाचा पत्ता नसायचा. प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथं पुठ्ठ्याला कोण पाजणार? आम्ही कोरडाच कापायला लागलो. सगळ्या खोलीत पांढरी धूळ, पिठाच्या गिरणीत असते तशी. भिंतीवर, पापण्यांवर, भाकरीच्या टोपल्यावर. संध्याकाळी आत्याबाई अंगणात उभ्या राहून लुगडं झटकायच्या आणि उन्हात ती धूळ चकचकायची. आम्ही तिला घाण समजत नव्हतो. कामाची धूळ ती, कष्टाची. तिचं काय वाईट वाटून घ्यायचं?

उलट आम्ही तिचा उपयोग शोधला. भोकं पाडून निघालेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या आणि कातरण यांचा ढीग साठायचा. टाकून देणं आत्याबाईंच्या स्वभावात नव्हतं. चुलीच्या मातीत आपण भुसा घालतो, तडकू नये म्हणून. आत्याबाई भुशाऐवजी कातरण घालायच्या. आधी ते उखळात कुटायच्या, त्याचा पिंजलेल्या कापसासारखा लगदा व्हायचा, मग तो मातीत पायानं तुडवायच्या. तशी चूल कधी तडकत नसे. वर्षानुवर्षं जशीच्या तशी. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, मग मागायला आल्या. आत्याबाईंनी कुणाला नाही म्हटलं नाही. पोरीचं लग्न झालं की तिच्या सासरी द्यायला, कुणी नवं घर बांधलं की वास्तूला, बाळंतिणीच्या न्हाणीतलं पाणी तापवायला. आत्याबाई स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं चूल घालून द्यायच्या, वरून सारवून. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या गल्लीत घरोघरी गॅस्केटच्या चुली होत्या. त्या कामाचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा गॅस्केटचाही नव्हता. कारण गॅस्केटला मामाजींचं नाव होतं आणि चुलीला त्यांचं.

आता पुठ्ठा पुरवणाऱ्या माणसाविषयी. पुठ्ठ्याचे ताव घेऊन कंपनीचा एक विक्रेता यायचा. आम्ही त्याला शीटवाला म्हणायचो. पांढरा शर्ट, पायांत चकचकीत बूट, बोलायला गोड. ऑर्डर घ्यायला तो कधी आत आला नाही. रस्त्यावर, छपराच्या बाहेर उभा राहायचा, खिशातून रुमाल काढून नाकाला लावायचा आणि तिथूनच बोलायचा. आमच्या पुढच्या खोलीत, दारातून दिसेल अशी, बुद्धाची तसबीर होती आणि चौकट निळ्या रंगाची. त्यामुळे हा माणूस बाहेर का उभा राहतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मामाजींच्या बापाला गावच्या विहिरीपासून लांब उभं केलं होतं. हा आमच्या दारापासून लांब उभा राहायचा. रुमाल तेवढा नवीन होता.

आत्याबाईंनी त्याला चहा विचारला. नको म्हणाला. पुढच्या वेळी विचारला, नको. मग त्यांनी बाजारातून चिनी मातीची नवी कपबशी आणली, फुलांची, आमच्यापैकी कुणी तोंड न लावलेली, आणि त्याला दाखवून म्हणाल्या, "दादा, हे नवं हाय, कोरं." तो लाजल्यासारखा झाला, पण नकोच म्हणाला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याला चहा पिताना आम्ही पाहिलं होतं. म्हणून एकदा आत्याबाईंनी हॉटेलातूनच चहा मागवला, हॉटेलच्याच ग्लासात. तोच चहा, तोच ग्लास. आमच्या छपराखाली आला आणि शीटवाल्याला चालेना. मग शंकेला जागाच उरली नाही. त्या दिवशी आत्याबाईंनी ती फुलांची कपबशी धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकून दिली. संध्याकाळी मला म्हणाल्या, "माह्या हातात काय हाय वं असं? मातीची चूल करतो मी, तिच्यावर सारी गल्ली भाकर खाते."

मामाजींचा स्वभाव वेगळा. ते अपमान गिळणाऱ्यांतले नव्हते. शीटवाला आला की ते मुद्दाम एखादा ताव उचलून दारात यायचे आणि त्याच्या दिशेनं फडाफडा झटकायचे. पांढरा ढग उठायचा. शीटवाला दोन पावलं मागे, मग आणखी दोन, पार गटारीपलीकडे. मामाजी आत येऊन हसायचे. "विटाळ झाला बे त्याले! आता घरी जाऊन आंघोळ कराची बिचाऱ्याले." आम्हीही हसायचो. त्या ढगात उभं राहून, तोंड उघडं टाकून, पोट धरून हसायचो. त्या हसण्याची आठवण आली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तो धंदा पुढे आपसूक बसला. प्लॅस्टिकच्या पाकिटातली तयार गॅस्केटं शहरातून यायला लागली, इंजिनं मोडीत निघाली. तिकडे कपाशीवर आधी पानं लाल करणारा लाल्या रोग आला, मग गुलाबी अळी माहेराहून परतली. भावानं कपाशी सोडून सोयाबीन धरलं. मामाजींनी हातप्रेस भंगारात दिला आणि पुढच्या खोलीत किराणा टाकला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. खोली धुऊन काढली, भिंतीला चुना दिला, आणि त्या चुन्याखाली सगळं संपलं असं धरून चाललो.

मग कितीतरी वर्षांनी आत्याबाईंना दम लागायला लागला. आधी स्टेशनाचा जिना चढताना, मग अंगण झाडताना, मग नुसतं बोलताना. कोरडा खोकला. डॉक्टरांनी क्षयाची औषधं दिली, पूर्ण घेतली, काही फरक नाही. दुसरे म्हणाले दमा. तिसऱ्यानं विचारलं, "जिनिंगमध्ये कामाला होत्या का? कापूस जातो छातीत." मलकापुरात कुणी खोकलं की कापसावर आळ घ्यायची पद्धत आहे. आत्याबाई उभ्या जन्मात जिनिंगची पायरी चढल्या नव्हत्या. मला तेव्हा वाटलं, ही कपाशी आमच्या दोन्ही घरांची वाट लावल्याशिवाय राहत नाही. बिचारी कपाशी. तिचं यात काही नव्हतं.

शेवटी आम्ही त्यांना मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि घरात काय धंदा होता ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो पुठ्ठा कशाचा होता, ते मला नक्की कळायला हवं." ते आम्हाला कुठं माहीत होतं? मी विचारलं, बऱ्या होतील ना. त्यांनी सरळ सांगितलं की हे परत फिरत नाही, जेवढा श्वास उरलाय तेवढा जपायचा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही तिथंच काम करत होतात ना? तुमचाही फोटो काढून घ्या." मी म्हटलं, पुढच्या वेळी.

पुठ्ठ्याचं नाव विचारायला मी शीटवाल्याचं घर शोधत खामगावला गेले. एकटीच. नोकरी सुटून तो घरीच बसलेला होता, केस पांढरे, पण बोलणं तसंच गोड. मलकापूरचं नाव काढताच ओळखलं. बसा म्हणाला, बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. चहा आला. मी कप उचलला आणि माझी जीभ काही राहीना.

"मी पितेय हो तुमच्याकडे," मी म्हटलं. "तुम्ही मात्र आमच्याकडे कधी घेतला नाहीत."

त्यानं कप खाली ठेवला. चेहरा लाल झाला. "अहो ताई, काय बोलता हे! तुम्हाला काय वाटलं, मी जातपात पाळतो? आमच्या घरात असलं काही नाही. विचारा हिला."

बायकोनं मान हलवली. त्या दोघांना खरंच लागलं होतं.

"मग काय होतं?"

"धूळ होती ना तिथं! कपात पडायची. आम्हाला कंपनीनं आधीच बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या वर्कशॉपमध्ये थांबायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, नाक झाकायचं. ॲस्बेस्टॉस ते. छातीत जाऊन बसलं की निघत नाही." जातीचा डाग पुसला गेला म्हणून त्याचा चेहरा मोकळा झाला होता. आपण काय बोललो ते त्याला अजून कळलं नव्हतं.

"आम्हाला नाही सांगितलंत," मी म्हटलं.

आता त्याला कळलं. बायको आत निघून गेली. तो कपातल्या सायीकडे बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुमच्या सासऱ्यांनी माल घेतला असता का? अन् तुम्ही कुणी कधी विचारलंही नाही."

"आम्ही तुमच्याबद्दल काय समजत होतो, ते माहीत होतं तुम्हाला?"

"लक्षात यायचं," तो म्हणाला. "म्हटलं, समजू दे."

समजू दे! आम्ही त्याला जातीयवादी समजलो, घरी बसून त्याला शिव्या घातल्या, ते त्याला चाललं, परवडलं. एक बाई कोरी कपबशी पुढे धरून उभी राहिली, तिचं तोंड उतरलेलं त्यानं पाहिलं, तेही चाललं. खरं बोलणं तेवढं परवडलं नाही. आम्हाला अपमान ओळखता येतो, याची त्याला खात्री होती. त्याच्या आड दुसरं काही असेल हे आम्ही कधी शोधणार नाही, याचीही खात्री होती. इतकी वर्षं लोक आमच्यापासून लांब उभे राहिले की कुणी लांब उभं राहिलं तर आम्हाला दुसरं कारण सुचतच नाही. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलून झाल्यावर एस.टी.त बसून नांदुऱ्यापर्यंत रडले, आणि शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा माहेरचं कुणी गेलं असं खोटं सांगितलं.

घरी आल्यावर मी मामाजी-आत्याबाई दोघांनाही समोर बसवून सगळं सांगितलं. मामाजी ऐकता ऐकता उठून उभे राहिले, परत बसले. "मी त्याच्या अंगावर झटकत होतो," एवढंच म्हणाले. "तो मांगं सरके, अन् मी इकडं..."

आत्याबाईंनी विचारलं, "म्हंजे जातीचं नव्हतं ते?"

"नव्हतं, आत्याबाई."

मला वाटलं, त्यांना निदान तेवढं तरी बरं वाटेल. त्यांनी श्वास गोळा केला. मग म्हणाल्या, "जातीचं असतं तं बरं होतं. ते सोसाची सवय होती मले."

त्यानंतर एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. मी घाबरले, मला वाटलं श्वास अडकला. त्यांनी माझं मनगट धरलं. "पोरी, चुली!"

माझ्या डोक्यात खामगावपासून इथपर्यंत ते आलंच नव्हतं. गल्लीत आता सगळ्यांकडे गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी, भाकरी, सणाचा स्वयंपाक अजून अंगणातल्या चुलीवरच होतो. कुणी त्या राखेनं भांडी घासतं, कुणी जुनी चूल फोडून तिचीच माती नवीला वापरतं. आत्याबाईंची चूल म्हणून लोक जपतात.

"गल्लीत बोलाचं नाही," मामाजी म्हणाले.

"काऊन?" आत्याबाईंनी विचारलं.

"लोक दगडं मारतीन. दुकान हाय आपलं. अन् ज्याले जे झालं ते झालं, सांगून काय निघून येनार हाय ते?"

मी म्हटलं, "त्या शीटवाल्यानंही हेच केलं. अन् त्याले तुमी शिव्या देता."

"त्याचा तो धंदा होता," मामाजी ओरडले. "ही आपली इज्जत हाय!"

मी तोंड उघडलं, पण आत्याबाईंनी हात वर केला. भांडायला त्यांच्याकडे वारा नव्हता. त्यांनी चपला पायात सरकवल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे निघाल्या. मामाजींनी अडवलं नाही, सोबतही आले नाहीत. दुकानात जाऊन उगाच डबे पुसायला लागले.

शेजारचंच मुसलमान घर खालांचं, सगळ्या गल्लीच्या मावशीचं. आत्याबाईंची आणि त्यांची सारी हयात एका भिंतीला पाठ लावून गेली. खालांची धाकटी सून नुकतीच बाळंत झाली होती आणि अंगणात आत्याबाईंच्याच चुलीवर बाळाच्या आंघोळीचं पाणी ठेवलं होतं. अंतर तेवढंसंच, पण आत्याबाई ओट्यावर टेकल्या तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. मी सांगते म्हटलं तर नको म्हणाल्या. स्वतःच सांगितलं, दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. माह्या चुलीत जहर हाय. मले माहीत नव्हतं. मोडून टाका.

खाला आधी हसल्या. "आपा, हे काय बोलून राह्यल्या तुमी? तुमच्या हातची चूल हाय ते. कवा तडकली नाही." मग त्यांनी आत्याबाईंच्या ओठांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सुनेनं बाळ छातीशी धरलं आणि उठून आत गेली. तिनं आतून कडी लावल्याचा आवाज आम्ही ऐकला. खालांचं हसू गेलं. "माह्या नातवाचं पानी तापवतो वं मी हिच्यावर," त्या म्हणाल्या. "माह्या पोरी बाळंत झाल्या हिच्यावर. अन् आज सांगता?"

आत्याबाईंनी हात जोडले. खालांनी कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, उचलली, पातेलं लाथेनं बाजूला केलं आणि चुलीवर घाव घातला. त्या रागात आमच्यावर घातला असता तरी मी काही म्हटलं नसतं. चूल चांगली मळलेली, सहजासहजी फुटेना. दुसऱ्या घावाला तिचा भांडं टेकायचा एक थान निघाला आणि आतून भुरकट, पिंजारलेली धूळ उठली.

"थांब!" आत्याबाई ओरडल्या. तो आवाज त्यांच्यात कुठून आला ते मला माहीत नाही. "कोरडी फोडू नको वं! पानी टाक आधी!"

खाला सब्बल धरून जागच्या जागी थिजल्या. ओट्यावरून उठायला ज्यांना आधार लागायचा, त्या आत्याबाई उठल्या. रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी चुलीवर ओतलं, परत घेतलं, परत ओतलं, सगळा चिखल होईपर्यंत. मग त्या चिखलात खाली बसल्या आणि स्वतःच्या हातांनी घातलेली चूल, स्वतःच्याच हातांनी, ढेकूळ ढेकूळ काढून पोत्यात भरायला लागल्या. खाला पुढे झाल्या तशा म्हणाल्या, "दूर हो तू. माह्यात आधीच हाय ते."

मी पदर खोचला आणि त्यांच्या बाजूला बसायला गेले. त्यांनी चिखलानं माखलेल्या हाताच्या कोपरानं मला मागे ढकललं.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तुह्या छातीचा फोटो अजून काढाचा हाय."

मी मागे झाले.